वाचकांचे प्रश्न : वाट पाहणाऱ्याला चाल करून जावे लागते तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मुष्टियुद्धातील एकाच प्रश्नाभोवती फिरत असल्यामुळे हा संपूर्ण भाग त्या विषयाला दिला आहे. काही पत्रे लांबलचक होती. त्यांतील मुख्य प्रश्न तेवढे थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न : प्रतिस्पर्धी अंगावर आला की त्याच्याच चुकीचा फायदा घेऊन त्याला ठोसे लगावणारे, म्हणजे काउंटरपंचर म्हणून नावाजलेले मुष्टियोद्धे, गुणांत मागे पडल्यामुळे किंवा समोरचा पुढे येतच नसल्यामुळे स्वतः चाल करायला निघाले की अगदी सामान्य वाटू लागतात. हात तेच, वेग तोच, मग असे का होते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हात आणि वेग तेच राहतात हे खरे, परंतु पायांचे काम बदलते आणि गडबड तेथूनच सुरू होते. काउंटरपंचर प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्याबाहेर, पण अगदी किंचितच बाहेर उभा राहतो. त्याच्या शरीराचा भार बहुधा मागच्या पायावर असतो, डोके मागे असते, आणि दोघांमधले अंतर कापण्याचे कष्ट व त्यातला धोका त्याने प्रतिस्पर्ध्यावर सोपवलेला असतो. समोरच्याने ठोसा टाकला की त्याचा एक हात हनुवटीपासून दूर गेलेला असतो, वजन पुढच्या पायावर आलेले असते आणि पुढच्या क्षणी त्याचे डोके कोठे असणार हेही जवळजवळ ठरून गेलेले असते. अशा वेळी बसलेला ठोसा फार भारी पडतो, कारण मारणाऱ्याच्या ताकदीत मार खाणाऱ्याचा स्वतःचा पुढे येण्याचा वेग मिळतो. त्याच काउंटरपंचरला चाल करावी लागली की अंतर त्याला कापावे लागते, भार त्याच्या पुढच्या पायावर येतो, डोके त्याचे पुढे जाते, आणि आजवर तो इतरांकडून जे वसूल करत आला ते आता त्याच्याकडून वसूल होण्याची वेळ येते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो आणि चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, तेवढ्या वेळात येऊन बसलेला असतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या ग्लोव्हकडे पाहून कोणालाही काउंटर मारता येत नाही. जाणते काउंटरपंचर खांद्याची हालचाल, पुढच्या पायाचा चवडा, कमरेचा किंचित झोक अशा आधी येणाऱ्या खुणा वाचतात आणि ठोसा निघण्यापूर्वीच उत्तराची तयारी करतात. ही विद्या वर्षानुवर्षे पुढे येणाऱ्या जोडीदारांशी सराव करून अंगात मुरलेली असते. समोरचा माणूस नुसता उभा राहिला, तर वाचायला काहीच उरत नाही.

याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १३ एप्रिल २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झालेली नोनिटो डोनेअर आणि गिलेर्मो रिगोंडो यांची लढत. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या डोनेअरचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा, तेव्हा दहशतीचा विषय होता, आणि तो हुक जवळजवळ नेहमीच काउंटर म्हणून येत असे. २००७ साली विक दार्चिन्यान आणि २०११ साली फर्नांडो मोंटिएल या दोघांनीही पुढे येऊन ठोसा टाकला आणि त्याच वेळी डोनेअरचा हुक त्यांच्यावर बसला. रिगोंडो हा क्युबाचा, २००० आणि २००४ अशा दोन ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेता, डावखुऱ्या पवित्र्याचा, आणि स्वतःही काउंटरच्याच तालमीत वाढलेला. त्याने डोनेअरला हवी असलेली ती एकच गोष्ट दिली नाही : तो अंगावर आला नाही. टप्प्याबाहेर उभे राहायचे, एखादा सरळ डावा ठोसा मारायचा आणि उत्तर येण्यापूर्वी बाजूला सरकायचे, हा त्याचा क्रम चालू राहिला. फेऱ्या हातातून जात आहेत हे कळल्यावर डोनेअरला पुढे जाणे भाग पडले, आणि तो पुढे जाताना लांबून झेपावत असल्यामुळे रिगोंडोला त्याची प्रत्येक चाल आधीच दिसत होती. प्रो कबड्डीत सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो आणि बचावफळीला ते ठाऊक असते, तशीच डोनेअरची अवस्था झाली होती. दहाव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने रिगोंडो खाली बसला खरा, पण तो जवळच्या झटापटीतला ठोसा होता. लांबून ठरवून केलेल्या चढाईचे ते फळ नव्हते. तिन्ही परीक्षकांनी कौल रिगोंडोला दिला. प्रेक्षक मात्र रिगोंडोची हुर्यो उडवत होते, आणि तेही समजण्यासारखे आहे, कारण ही लढत पाहायला सुरेख नव्हती. ती अभ्यासायची लढत आहे.

पुढे रिगोंडोवरही हीच पाळी आली. डिसेंबर २०१७ मध्ये तो आपल्या वजनगटापेक्षा दोन गट वर जाऊन युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोशी लढला. लोमाचेन्कोने त्याला उत्तर देण्याजोगे काहीच समोर ठेवले नाही, उलट कोनाकोनांतून पाय फिरवत त्याला गोंधळात टाकले. रिगोंडो पुढे जाऊ शकला नाही, थांबून राहणेही परवडेना, आणि सहाव्या फेरीनंतर हाताच्या दुखापतीचे कारण सांगून तो स्टुलावरून उठलाच नाही.

जेम्स टोनी आणि रॉय जोन्स यांची १८ नोव्हेंबर १९९४ची लढतही याच जातीची होती. टोनी खांद्याआडून ठोसे घसरवून उत्तर देणारा जुन्या घडणीचा काउंटरपंचर होता आणि तोवर अजिंक्य होता. जोन्सचा वेग मात्र असा की टोनीला ज्या हालचालीला उत्तर द्यायचे ती हालचाल उत्तरापूर्वीच संपलेली असे. त्यामुळे टोनी पुढे चालत राहिला आणि जोन्स त्याला वाटेत गाठत राहिला. तिसऱ्या फेरीत जोन्सने हात खाली सोडून कोंबड्यासारखी नक्कल केली, टोनीनेही त्याला तशाच नकलेने उत्तर दिले, आणि त्याच क्षणी जोन्सचा डावा हुक आला. टोनी दोरांवर जाऊन आदळला आणि नॉकडाउन (ठोशाने खाली पडणे) मोजला गेला. उत्तर देण्याची सवय इतकी खोल गेलेली असते की टवाळीलाही उत्तर दिले जाते, असे मला ती फेरी पाहताना नेहमी वाटते.

प्रश्न : आमच्या व्यायामशाळेत असे ठामपणे सांगितले जाते की हुआन मॅन्युएल मार्केझने चौथ्या लढतीत आपली शैली सोडून हल्ला केला म्हणूनच तो मॅनी पाक्याओला हरवू शकला. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : निम्मे खरे आहे, आणि उरलेले निम्मे जास्त महत्त्वाचे आहे. मेक्सिकोचा मार्केझ आणि फिलिपिन्सचा पाक्याओ या दोघांच्या पहिल्या तीन लढती आधी लक्षात घ्याव्या लागतील. ८ मे २००४ रोजी पहिल्याच फेरीत मार्केझ तीन वेळा खाली पडला, आणि तरीही त्यानंतरच्या फेऱ्यांत त्याने पाक्याओच्या डाव्या हाताला उजव्या हाताचे उत्तर शोधून काढून लढत बरोबरीत सोडवली. त्या निकालामागे एक गंमत आहे : एका परीक्षकाने तीन नॉकडाउनच्या त्या फेरीला १०-६ ऐवजी १०-७ असे गुण दिले (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, आणि प्रत्येक नॉकडाउनमागे त्याचा आणखी एक गुण कमी) आणि आपली चूक झाल्याचे नंतर मान्य केले, तसे झाले नसते तर पाक्याओ जिंकला असता. २००८ मध्ये मार्केझ अवघ्या एका परीक्षकाच्या मताने हरला. तिसऱ्या फेरीतील नॉकडाउन तेव्हा त्याला भोवला. २०११ मध्ये एकाने बरोबरी दिली आणि दोघांनी पाक्याओला विजयी ठरवले. त्या रात्री मार्केझ जिंकला असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. माझे मत विचाराल तर तो जिंकला होता, परंतु शेवटच्या फेऱ्यांत आपण पुढे आहोत या विश्वासावर त्याने हात आखडता घेतला आणि परीक्षकांना दुसरीकडे पाहण्याची संधी दिली.

व्यावसायिक मुष्टियुद्धात परीक्षकांनी स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरील ताबा आणि बचाव या चार गोष्टी पाहाव्यात असे अपेक्षित असते. ‘परिणामकारक’ हे विशेषण महत्त्वाचे आहे; नुसते पुढे चालत राहणाऱ्याला गुण मिळू नयेत हाच त्याचा अर्थ. व्यवहारात मात्र ज्या फेरीत दोघांचे ठोसे साधारण सारखेच बसले, त्या फेरीत पुढे जाणारा माणूसच काहीतरी करतो आहे असे डोळ्यांना भासते, आणि काउंटरपंचरची जवळची फेरी हातातून निसटते. मार्केझचा तीनदा हाच अनुभव होता. ८ डिसेंबर २०१२ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, तो चौथ्यांदा उभा राहिला तेव्हा लढत परीक्षकांकडे जाऊ द्यायची नाही हे उघड होते. त्याचे वाढलेले स्नायू पाहून तेव्हा बरीच कुजबुजही झाली. चाचण्यांत काही आढळले नाही.

आता तो हल्ला कसा होता ते पाहा. सुरुवातीच्या फेऱ्यांत मार्केझने वारंवार पोटाकडे ठोसे टाकले. पाक्याओचे लक्ष आणि हात खाली ओढले गेल्यावर तिसऱ्या फेरीत त्याने वरून फिरवून आणलेला उजवा हात त्याच्या जबड्यावर बसवला आणि पाक्याओ पाठीवर पडला. म्हणजे पहिला ठोसा मार्केझचाच होता, पण तो मारण्यापूर्वी पाक्याओ कसा वागेल हे त्याने स्वतः ठरवून ठेवले होते. पाचव्या फेरीत मार्केझ स्वतः खाली गेला, नाकातून रक्त वाहू लागले, आणि पाच फेऱ्यांअखेर तिन्ही परीक्षकांच्या कागदावर तो ४६-४७ असा मागे होता. सहाव्या फेरीच्या शेवटच्या काही क्षणांत पाक्याओ त्याला दोरांकडे रेटत होता. तो जॅबची हूल देऊन झेपावला आणि मार्केझने एक पाऊल पुढे टाकून आखूड उजवा ठोसा मारला. फेरी संपायला एक सेकंद राहिला असताना पाक्याओ तोंडावर कोसळला. तो अंतिम ठोसा निखळ काउंटर होता. त्याच्या हल्ल्याने एवढेच साधले की पाक्याओला स्वस्थ राहू दिले नाही. जिंकून दिले ते जुन्या विद्येनेच.

तेव्हा तुमच्या व्यायामशाळेत सांगताना असे सांगावे की मार्केझने चाल केली, पण ती चाल प्रतिस्पर्ध्याला ठोसा टाकायला लावण्यासाठी होती. डोनेअरला हेच जमले नाही. जो काउंटरपंचर पुढे जाऊनही समोरच्याकडून पहिली हालचाल काढून घेऊ शकतो, तो शैली न सोडता आक्रमक होतो. ज्याला ते जमत नाही, तो केवळ दुय्यम दर्जाचा आक्रमक उरतो.

प्रश्न : वरच्या पातळीवर खरोखरच शैली उलटवून जिंकलेला कोणी आहे का? (एक वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर : आहेत, पण मोजके. शुगर रे लिओनार्ड हा शुद्ध काउंटरपंचर नव्हता, तरी पायांवर नाचत, अंतर राखत लढणे हा त्याचा पिंड होता. १६ सप्टेंबर १९८१ रोजी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये त्याच्यासमोर टॉमी हर्न्स होता. उंचीने त्याच्यापेक्षा सुमारे तीन इंच अधिक, हातांनी लांब आणि ठोशाने जबर. सहाव्या-सातव्या फेरीत लिओनार्डच्या डाव्या हुकने हर्न्स डळमळला आणि त्यानंतर भूमिका पार उलटल्या : हर्न्स लांबून जॅब टाकत फिरू लागला आणि लिओनार्ड त्याचा पाठलाग करू लागला. १३ फेऱ्या झाल्यानंतरही तिन्ही परीक्षकांच्या कागदांवर हर्न्स पुढे होता; लिओनार्डचा डावा डोळा सुजून मिटत आला होता. तेराव्या फेरीपूर्वी प्रशिक्षक अँजेलो डंडीने त्याला, तू लढत घालवतो आहेस, असे स्पष्ट शब्दांत बजावले. त्या फेरीत लिओनार्डने हर्न्सला दोरांबाहेर ढकलेपर्यंत ठोसे मारले आणि चौदाव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. हे त्याला जमले याचे एक कारण वेग हे तर आहेच. दुसरे कारण असे की हर्न्सच्या पायांतले बळ तोवर सरले होते. ताज्या दमाच्या हर्न्सवर तशी चाल पहिल्या फेऱ्यांत केली असती, तर निकाल वेगळा लागला असता असे मानायला जागा आहे.

फ्लॉइड मेवेदरने २६ ऑगस्ट २०१७ रोजी मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेल्या कॉनर मॅकग्रेगरविरुद्ध हाच हिशेब आधीपासून मांडलेला दिसतो. आयुष्यभर मागे झुकून उत्तर देणाऱ्या या माणसाने त्या दिवशी हात उंच धरून पुढे चालत जाणे पसंत केले. सुरुवातीच्या फेऱ्या त्याने जाऊ दिल्या, पहिलीच व्यावसायिक मुष्टियुद्ध लढत खेळणाऱ्या मॅकग्रेगरचा दम उतरू दिला आणि दहाव्या फेरीत लढत संपवली. अर्थात त्या लढतीवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. समोर मुष्टियुद्धात नवखा माणूस होता.

प्रश्न : आघाडीवर असलेल्या काउंटरपंचरने शेवटच्या फेऱ्यांत टाळाटाळ करणे योग्य की अयोग्य? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपण आघाडीवर आहोत हे त्याला नक्की ठाऊक असेल तर योग्य. अडचण अशी की व्यावसायिक लढतीत गुण बहुधा निकालापर्यंत झाकलेले असतात. ५ डिसेंबर १९४७ रोजी जर्सी जो वॉलकॉटने हेवीवेट जगज्जेत्या जो लुईला दोनदा खाली पाडले आणि शेवटच्या फेऱ्यांत, आपण जिंकलोच आहोत या समजुतीने, तो मागे मागे सरकत राहिला. रिंगणातील पंचांनी त्याला विजयी ठरवले, दोन्ही परीक्षकांनी मात्र लुईला. सहा महिन्यांनी झालेल्या फेरलढतीत दोघेही इतके थांबून राहिले की पंचांना त्यांना लढायला बजावावे लागले, आणि अकराव्या फेरीत लुईने वॉलकॉटला बाद केले.

याच लुईसमोर १८ जून १९४१ रोजी बिली कॉनने नेमके उलटे केले. वजनाने कितीतरी हलका असलेला कॉन चपळाईच्या जोरावर १२ फेऱ्यांनंतर दोन जणांच्या कागदांवर पुढे होता आणि तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी होती. लढत १५ फेऱ्यांची होती. तेराव्या फेरीत तो लुईला बाद करण्याच्या ईर्ष्येने समोरासमोर भिडला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना स्वतःच बाद झाला. त्याच्यावर चाल करण्याची सक्ती कोणीही केली नव्हती.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने तीनपैकी दोन फेऱ्या जिंकूनही ती हरली कशी? तिने आधीच आक्रमण करायला हवे होते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : २९ जुलै २०२१ची ती लढत पुष्कळांना आजही सलते. प्रतिस्पर्धी होती कोलंबियाची इन्ग्रिट व्हॅलेन्सिया, रिओ ऑलिंपिकची कांस्यपदकविजेती, जिला मेरीने पूर्वी हरवले होते. पहिल्या फेरीत व्हॅलेन्सिया सुरुवातीपासूनच अंगावर आली आणि पाचपैकी चार परीक्षकांनी ती फेरी तिला दिली. पुढच्या दोन्ही फेऱ्या तीन विरुद्ध दोन अशा मेरीच्या बाजूने गेल्या. परंतु या पद्धतीत फेऱ्या मोजल्या जात नाहीत; प्रत्येक परीक्षकाची तीन फेऱ्यांची बेरीज स्वतंत्र होते आणि मग किती परीक्षकांच्या कागदावर कोण पुढे आहे ते पाहिले जाते. ज्या चार परीक्षकांनी पहिली फेरी व्हॅलेन्सियाला १०-९ अशी दिली, त्यांच्या कागदावर पुढे जायचे तर मेरीला उरलेल्या दोन्ही फेऱ्या त्याच परीक्षकाकडून मिळवणे आवश्यक होते. विजयासाठी तीन परीक्षक हवे असल्याने, त्या चौघांपैकी किमान दोघांकडून तरी तसे व्हायला हवे होते. ते झाले नाही आणि निकाल ३-२ असा विरुद्ध गेला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. विजेतेपदाची व्यावसायिक लढत आता साधारणपणे १२ फेऱ्यांची असते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करण्यात घालवणे काउंटरपंचरला परवडते. ऑलिंपिकमध्ये तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात, त्यामुळे पहिल्या फेरीतला संयम फार महाग पडतो. टोकियोत प्रत्येक फेरीनंतर गुण दाखवले जात असल्याने पिछाडीवरच्या खेळाडूला चाल करणे भाग आहे हे तिला स्वतःला, तिच्या प्रशिक्षकांना आणि प्रतिस्पर्ध्यालाही एकाच वेळी समजत होते. मेरीने दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत केलेले आक्रमण उत्तम होते. ३८ वर्षांच्या खेळाडूकडून याहून अधिक मागणे अन्याय ठरेल. तिने ते पहिल्या फेरीच्या पहिल्या मिनिटात करायला हवे होते का, असे विचाराल तर माझे उत्तर होय असे आहे. निदान तीन-चार ठळक ठोसे आधी टाकून ठेवले असते, तर व्हॅलेन्सियाला इतक्या निर्धास्तपणे पुढे येता आले नसते.

जुनी पद्धत काउंटरपंचरला बरीच सोयीची होती. १९९२ ते २०१२ या काळात ऑलिंपिकमध्ये संगणकाची बटणे दाबून गुण दिले जात. पाचपैकी तीन परीक्षकांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले की ठोशाला एक गुण मिळे. झटापटीतले दहा अर्धवट ठोसे वाया जात आणि लांबून बसलेला एक स्वच्छ काउंटर मोजला जाई. हात खाली सोडून प्रतिस्पर्ध्याला जवळ बोलावणारा आपला अखिल कुमार त्याच काळातला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने तत्कालीन जगज्जेत्या सेर्गेई वोदोप्यानोवशी ९-९ अशी बरोबरी साधून काउंटबॅकवर, म्हणजे परीक्षकांनी नोंदवलेल्या सर्व ठोशांच्या फेरमोजणीवर, विजय मिळवला होता. विजेंदर सिंगचे बीजिंगमधील कांस्यही त्याच पद्धतीत आणि तशाच संयमी शैलीतून आले. २०१३ पासून दहा गुणांची पद्धत आल्यावर परीक्षक संपूर्ण फेरीचे चित्र पाहू लागले, आणि आपल्याकडच्या थांबून लढणाऱ्या खेळाडूंची पूर्वीची बेरीज चुकू लागली.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे व जिल्हा पातळीवर खेळते. तिचा काउंटर फार चांगला आहे, पण ‘ही वाट पाहत बसते’ असे म्हणून तिचे सर तिला सतत पुढे ढकलतात. त्यामुळे ती गोंधळते आणि उघडी पडते. सरांना काय सांगावे? (एक पालक, लातूर)

उत्तर : सरांना काही सांगू नये असेच मी म्हणेन, कारण त्यांचे निदान बरोबर आहे, उपाय तेवढा अपुरा दिसतो. या वयोगटात फेऱ्या मोठ्यांपेक्षाही छोट्या असतात आणि वाट पाहणाऱ्या मुलीची पहिली फेरी डोळ्यांदेखत निघून जाते. परंतु ‘पुढे जा’ एवढेच सांगितले की मुले सरळ रेषेत धावतात, हनुवटी वर येते आणि मागचा पाय मागेच राहतो. तुमच्या मुलीला जे येते त्यावरच बांधकाम करावे लागेल, आणि हे काम तिच्या सरांनीच करायचे आहे. तुम्ही फक्त हा मजकूर त्यांच्या हाती द्यावा.

पहिला सराव असा, की सरावाच्या झुंजीत प्रत्येक वेळी पहिला ठोसा तिनेच टाकायचा, पण तो जॅब असावा आणि अर्ध्या ताकदीचा असावा. त्याचा उद्देश मारणे हा नसून समोरच्या मुलीकडून उत्तर काढणे हा असावा. उत्तर आले की तिचा नेहमीचा काउंटर मारायचा. काही आठवड्यांत तिच्या लक्षात येईल की पहिला ठोसा आपण टाकला तरी खेळ आपलाच राहतो. दुसरे, हुलकावणीचा सराव वेगळा करून घ्यावा : खांदा हलवणे, पुढचा पाय जमिनीवर किंचित आपटणे, नजर पोटाकडे नेऊन हात वर मारणे. घाबरून हात वर नेणारी, मागे सरकणारी आणि उलट ठोसा टाकणारी अशा तीन प्रकारच्या जोडीदारांसमोर तिने हे करून पाहावे, कारण प्रत्येकीला पुढचे उत्तर वेगळे लागते. तिसरे म्हणजे पाय. मागे पळणाऱ्या मुलीच्या मागोमाग जाण्याऐवजी ती ज्या बाजूला वळते आहे त्या बाजूला तिरके पाऊल टाकून वाट अडवणे तिला शिकवावे. हे जमले की समोरची दोरांवर सापडते, आणि दोरांवर सापडलेली मुलगी बहुधा घाईने ठोसा टाकते. तुमच्या मुलीला हवे असते तेच.

ठोसा मारल्यावर डोके जेथे होते तेथेच राहू न देण्याची सवय मात्र आताच लावून घ्यावी. काउंटरपंचर मुले मागे उभी राहून डोके वाचवायला शिकलेली असतात. पुढे गेल्यावर तीच सवय पुरत नाही. आरशासमोर किंवा गळ्याच्या उंचीवर ताणून बांधलेल्या दोरीखालून, जॅब टाकत आणि प्रत्येक जॅबनंतर दोरीच्या दुसऱ्या बाजूला डोके काढत पुढे चालणे हा त्यासाठीचा जुना आणि बिनखर्चाचा सराव आहे. स्पर्धा जवळ आलेली असेल, तर हे सारे एकदम सुरू करू नये. पुढच्या स्पर्धेपुरते एवढेच ठरवावे की प्रत्येक फेरीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात तिने तीन वेळा पहिला ठोसा टाकायचा, आणि उरलेला वेळ तिला जसे लढता येते तसे लढू द्यायचे.